कसालचा पाऊस, जतचा पाऊस आणि मधली रेघ

मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली सोडली की ओरोसच्या अलीकडे कसाल लागतं. तिथल्या तिठ्यावरून एक रस्ता पश्चिमेला फुटतो आणि तीसेक किलोमीटरवर मालवणच्या समुद्राला टेकतो. पूर्वेला साधारण तेवढ्याच अंतरावर सह्याद्री उभा आहे. घाट चढून गेलं की गगनबावडा, उतरून पुढे कोल्हापूर, आणि आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेला सरकलं की जत. सकाळी मालवणहून निघालेला माणूस संध्याकाळी ज्वारी-बाजरीच्या शिवारात पोचतो. वाटेत माड संपतात, कातळ संपतो, उसाचे मळे लागतात, तेही विरतात. हवामानाचे प्रदेश शिकवायला एवढी सोयीची वाट महाराष्ट्रात दुसरी सापडणं कठीण.

शाळेत मात्र हा धडा नकाशातल्या रंगांवरून शिकवला जातो. हिरवा रंग म्हणजे उष्ण व दमट, पिवळा म्हणजे कोरडं. मुलं रंग पाठ करतात आणि परीक्षेत भरून येतात. हिरवा रंग नेमका कुठे थांबतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, ती रेघ कुणी आखली, कशाच्या आधाराने आखली, हे विचारायची वेळच येत नाही. या प्रश्नाचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात नाही, ते बीजगणिताच्या पुस्तकात 'सांख्यिकी' नावाच्या प्रकरणात आहे. मध्य, मध्यक, बहुलक ही त्रयी तिथे मुलांना भेटते, पण कुणाच्या तरी गुणांच्या आणि कामगारांच्या रोजंदारीच्या वारंवारता सारणीत. भूगोलाचा तास आणि गणिताचा तास एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. त्यांची गाठ घालून द्यायला पाऊस हा विषय उत्तम, कारण कसालच्या पोराला पावसाबद्दल काही सांगावं लागत नाही. मृगाला तरवा पेरायची घाई त्याने घरात पाहिलेली असते.

सुरुवात अगदी साध्या भागाकारापासून करावी. दक्षिण कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. ३६५ ने भागलं की रोजचे सव्वाआठ मिलिमीटर येतात. उत्तर गणिताने बिनचूक आहे आणि भूगोलाने निरर्थक. रोज सव्वाआठ मिलिमीटर पडणारं कसाल पृथ्वीवर कुठेच नाही. आता तेच ३६५ आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला, म्हणजे १८३ वा, आकडा शोधायचा. दक्षिण कोकणात पावसाचे दिवस शंभराच्या आसपास असतात. (हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस.) उरलेल्या अडीचशेहून अधिक दिवसांत पाऊस नाही, किंवा नावाला. म्हणजे मध्यक शून्याला चिकटलेला. बहुलक तर उघडच शून्य. महाराष्ट्रातल्या सर्वांत ओल्या पट्ट्यांपैकी एकाचा मध्यक शून्य निघतो, हे फळ्यावर लिहिलं की वर्ग जागा होतो.

यातूनच एक जुनं कोडंही सुटतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावर वर्षभरात तीन लाख लिटर पाणी ओघळून जातं. तरीही मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर कळशी घेऊन व्हाळाकाठी जायची पाळी येते. एकूण पाऊस भरपूर आहे, पण त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि जांभ्याची भूमी व उतारावरून धावणाऱ्या आखूड नद्या त्यातला फारच थोडा थोपवून धरतात. बेरीज एक गोष्ट सांगते, वाटणी दुसरी सांगते. प्रदेश समजायला दोन्ही लागतात.

आकडे पुस्तकातून घेण्याआधी थोडे स्वतः मोजलेले बरे. त्यासाठी सरळ उभ्या भिंतीची प्लॅस्टिकची मोठी बाटली पुरते. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवला की नरसाळं तयार. बुड खडबडीत असतं, म्हणून तळाशी खडे टाकून त्यावर पाणी ओतायचं आणि जिथून भिंत सरळ होते तिथे शून्याची खूण करायची. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली की झालं. बाटली जाड असो की बारीक, आकडा तोच येतो, कारण तोंड जेवढं रुंद तेवढंच आतलं पात्र रुंद. यावर मुलांचा विश्वास बसत नाही, तेव्हा दोन वेगळ्या रुंदीच्या बाटल्या शेजारी ठेवून दाखवाव्यात. जागा मोकळी हवी. माडाच्या झावळ्यांखाली ठेवलेली बाटली माडाचा पाऊस मोजते. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान त्याच्या दुपटीने दूर राहायचं. नोंद सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो आणि आपल्याला आपले आकडे त्यांच्याशी ताडून पाहायचे आहेत.

कोकणात या खेळाला दोन अडचणी येतात आणि दोन्ही शिकवून जातात. पहिली अडचण, बाटली भरून वाहते. दिवसाला ११५.६ मिलिमीटरच्या वर अति मुसळधार आणि २०४.५ च्या वर अत्यंत मुसळधार, अशी खात्याची वर्गवारी आहे. जुलैत दक्षिण कोकणाला या पायऱ्या अनोळखी नाहीत. बाटलीची पट्टी दोनशेला संपली, तर त्या दिवशीची नोंद '२००' नसून '२०० किंवा जास्त' अशी करावी लागते. अशा नोंदीची सरासरी काढता येत नाही, मध्यक मात्र काढता येतो, कारण टोकाचा आकडा नेमका किती हे मध्यकाला माहीत असायची गरजच नसते. दुसरी अडचण रविवारची. सुट्टीच्या दिवशी बाटली बघायला कुणी आलं नाही, तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा असतो. बेरजेत तो चालतो, पण पावसाचे दिवस मोजताना त्याने गोंधळ होतो. शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या पोराकडे रविवार सोपवावा, हा सगळ्यांत सोपा उपाय. मग सोमवारी बाकीची मुलं आल्या आल्या विचारतात, "काल किती इलो?"

आता एक आठवडा घेऊ. समजा नोंदी अशा आहेत: १२, ०, ४५, १८०, ३०, ८, ५. बेरीज २८०, सरासरी ४०. चढत्या क्रमाने मांडलं तर मधला आकडा १२. चाळीस मिलिमीटरच्या जवळपास गेलेले दिवस फक्त दोन, तेही तिकडचे-इकडचे. एकट्या १८० ने सरासरी वर ओढून नेली. शेतकऱ्याला 'या आठवड्यात सरासरी ४० पडला' हे सांगणं आणि 'एका दिवशी सगळा आला, बाकी जेमतेम' हे सांगणं यांत लावणीच्या वेळी केवढा फरक पडतो, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना घरून ठाऊक असतं.

एकाच दिवसाचा आणि एकाच ठिकाणाचा आकडा किती फसवू शकतो याचं महाराष्ट्राने पाहिलेलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदले गेले आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३ च्या आसपास. दोन्ही खात्याच्याच वेधशाळा, अंतर पंचवीसेक किलोमीटर. 'मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला?' या प्रश्नाला दोघांची सरासरी, म्हणजे ५०८, हे उत्तर दिलं तर ते कुठल्याही मुंबईकराच्या अंगावर पडलेल्या पावसाशी जुळत नाही. पण हेही खरं की तीस वर्षांच्या नोंदी घेतल्या तर कुलाबा आणि सांताक्रूझ एकमेकांच्या बरेच जवळ येतात. हवा दिवसाची असते, हवामान अनेक वर्षांचं. वर्षांची संख्याही मनाला येईल तशी घेतलेली नाही. १९३५ मध्ये वॉर्सा इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ ते १९३० हा तीस वर्षांचा काळ मानक धरायचं सुचवलं, आणि तीस वर्षांचा पायंडा आजही चालू आहे.

तापमानाची गोष्ट पावसाहून सोपी, पण तिथेही सरासरी खोड्या काढते. रत्नागिरी आणि नागपूर या दोन शहरांचं वर्षाचं सरासरी तापमान जवळपास सारखं आहे, दोन्हीकडे २७ अंशांच्या आसपास. एवढ्यावर थांबलं तर दोघांना एकाच रंगात रंगवावं लागेल, आणि मे महिन्यात नागपूरला जाऊन आलेला कोकणी माणूस आपल्याला वेड्यात काढेल. फरक कक्षेत आहे. किनाऱ्यावर सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीत पाचेक अंशांचं अंतर असतं. नागपूरला ते चौदा-पंधरा अंशांवर जातं. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे किनाऱ्याचं तापमान दोन्ही बाजूंनी आवरून धरतात. पुस्तकातले 'सम' आणि 'विषम' हवामान हे शब्द म्हणजे या दोन कक्षांची नावं. सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करणं ही सहावीतल्या मुलालाही जमणारी सांख्यिकी आहे, आणि एवढ्यावर कोकण व विदर्भ वेगळे करता येतात.

मग रेघ. जगभर सर्वाधिक वापरली गेलेली रेघ व्लादिमीर केपन यांची. जन्म १८४६, सेंट पीटर्सबर्गचा, बालपण क्राइमियात. तिथून राजधानीकडे जाता-येताना वाटेतली झाडंझुडपं कशी बदलत जातात हे त्यांनी पाहिलं आणि ते वेड आयुष्यभर टिकलं. भूखंड सरकतात असं सांगणारे आल्फ्रेड वेगेनर हे त्यांचे जावई, त्यामुळे त्या घरात जेवणाच्या पंगतीला कुठले विषय निघत असतील याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. केपन मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. कुठली झाडं कुठे थांबतात ते आधी पाहायचं, मग त्या जागेला जुळणारा तापमानाचा किंवा पावसाचा आकडा शोधायचा, ही त्यांची रीत. १८८४ पासून पुढे कित्येक दशकं ते ही वर्गवारी घासूनपुसून नेमकी करत राहिले, नंतर रुडॉल्फ गायगर यांनी तिच्यात भर घातली. सगळी वर्गवारी बारा महिन्यांच्या तापमानाच्या सरासरी आणि बारा महिन्यांच्या पावसाच्या सरासरी, अशा चोवीस आकड्यांवर चालते. त्यापलीकडे काही लागत नाही.

प्रदेश कोरडा नसेल तर पहिला प्रश्न: सर्वांत थंड महिन्याचीही सरासरी १८ अंश किंवा जास्त आहे का? असेल तर प्रदेश उष्ण कटिबंधीय. कसालला जानेवारी ही अट आरामात ओलांडतो. दुसरा प्रश्न सर्वांत कोरड्या महिन्याचा. त्यात ६० मिलिमीटर किंवा जास्त पडत असेल तर बारमाही पावसाची वर्षावनं. आपल्याकडे फेब्रुवारी जवळजवळ कोराच, म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे जायचं. वर्षाच्या पावसाला २५ ने भागायचं आणि १०० मधून वजा करायचं. कोरड्या महिन्याचा पाऊस या उत्तराइतका किंवा त्याहून जास्त असेल तर मोसमी प्रदेश, कमी असेल तर सॅव्हाना. कसालसाठी ३००० भागिले २५ म्हणजे १२०. शंभरातून वजा केले की उणे वीस. कोरड्या महिन्यात शून्य पडला तरी शून्य हा उणे वीसपेक्षा मोठा. कसाल मोसमी प्रदेशात. कुलाब्याला वर्षाला २२०० च्या आसपास पडतो: २२०० भागिले २५, ८८, शंभरातून गेले, उरले १२. फेब्रुवारीत बारा मिलिमीटर पडत नाहीत. कुलाबा सॅव्हानात. म्हणजे त्याच किनाऱ्यावरची मुंबई आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशाच्या गटात जाऊन बसते. इथे वर्गात हशा पिकतो आणि तो पिकू द्यावा, कारण मागून खरा प्रश्न येतो: आकडा चुकला की व्याख्या?

या सूत्राशी थोडं खेळलं तर मुलांना स्वतःच एक गोष्ट सापडते. वर्षाला २५०० मिलिमीटरच्या वर गेलं की उत्तर ऋण होतं, आणि कितीही कोरडा उन्हाळा असला तरी प्रदेश मोसमीच राहतो. केपन यांचं म्हणणं असं, की पावसाळ्यात एवढं पाणी मुरलं तर दाट जंगल कोरडे महिने रेटून नेतं. सावंतवाडी-दोडामार्गकडचं रान पाहणाऱ्याला ते पटायला हरकत नाही.

कोरड्या प्रदेशाची कसोटी याहून मजेदार आहे, कारण ती पावसाला उष्णतेच्या तराजूत घालते. वर्षाच्या सरासरी तापमानाला २० ने गुणायचं. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, एप्रिल ते सप्टेंबर, पडत असेल तर त्यात २८० मिळवायचे. दोन्ही सहामाहींत विभागून पडत असेल तर १४०. हिवाळी पाऊस असेल तर काही नाही. हा झाला उंबरठा. वर्षाचा पाऊस त्याहून कमी असेल तर प्रदेश शुष्क, आणि उंबरठ्याच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट. उष्णतेत पडलेल्या पावसातला बराचसा वाफ होऊन जातो, म्हणून उन्हाळी पावसाला जास्त मोठा उंबरठा.

जत घेऊ. तापमान २६ धरलं तर २० गुणिले २६ म्हणजे ५२०, अधिक २८०, झाले ८००. जतकडे पाऊस पाचशेच्या आसपास. उंबरठ्याच्या खाली, पण निम्म्याच्या, म्हणजे ४०० च्या वर. जत अर्धशुष्क, वाळवंट नव्हे. आता लंडन. तिथे वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जतपेक्षा फार जास्त नाही आणि कसालच्या पाचव्या हिश्श्याएवढा. पण तापमान ११ अंशांच्या आसपास आणि पाऊस वर्षभर विखुरलेला: २२० अधिक १४०, उंबरठा ३६०. सहाशे त्याच्या कितीतरी वर. छत्रीसाठी जगभर बदनाम झालेलं लंडन कसालच्या पावसापुढे कोरडं वाटतं, पण केपनच्या हिशेबात ते ओलं आणि जत कोरडं. पाऊस किती पडला यापेक्षा त्यातला किती उरला, हा या उंबरठ्याचा खरा प्रश्न.

मालवण ते जत या वाटेवर हे सगळं एकामागून एक मांडता येतं. कसाल मोसमी. गगनबावड्याला पाऊस साडेपाच-सहा हजारांच्या घरात, तेही मोसमी. कोल्हापूरला हजाराच्या आसपास. कोरडेपणाचा उंबरठा तिथे ७८०, म्हणून शुष्क नाही, पण २५०० च्या खाली, म्हणून सॅव्हाना. जत अर्धशुष्क. कागदावर अंतर आडवं आणि पाऊस उभा घेऊन चार-पाच बिंदू जोडले की सह्याद्रीची सावली मुलांच्या हाताखाली उमटते. कोल्हापूर हजार आणि जत पाचशे, तर उंबरठा कुठे ओलांडला जातो, हे त्रैराशिकाने काढता येतं; उत्तर मिरजेच्या आगेमागे येतं. पण हेच त्रैराशिक गगनबावडा आणि कोल्हापूर यांच्यात लावलं तर सपशेल फसतं. अंतर पंचावन्न किलोमीटर, निम्म्या वाटेवर साडेतीन हजार पडायला हवा. प्रत्यक्षात घाटमाथा सोडताच पावसाचा आकडा एकदम घसरतो, मग हळूहळू उतरतो. सरळ रेषा हे आपलं गृहीतक आहे, ढगांना ते बंधनकारक नाही. मधल्या एखाद्या गावचा आकडा मिळवून रेघ वाकवली की समपर्जन्य रेषा कशा आखतात हे कळतं, आणि मधे केंद्रं जास्त का हवीत हेही. राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर तालुक्यांचे आणि मंडळांचे पावसाचे आकडे मिळतात, तिथून हे काम होतं.

केपनच्या रेघेपेक्षा आपल्या रोजच्या बातम्यांतली रेघ वेगळी आहे. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केलेत, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. जून ते सप्टेंबरचा दीर्घकालीन सरासरी पाऊस अनुक्रमे सुमारे २८७०, ७५०, ६४० आणि ९४० मिलिमीटर. कृषी खातं राज्याचे नऊ कृषी-हवामान विभाग मानतं. त्यात पावसाच्या जोडीला माती येते, म्हणून जांभ्याचं दक्षिण कोकण वेगळं आणि उत्तर कोकण वेगळं. हवामान खात्याच्या नकाशात मुंबई आणि कसाल एका घरात, केपनच्या दोन घरांत, कृषी खात्याच्याही दोन घरांत पण निराळ्या कारणाने. बरोबर कोण, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. पेरणीचा सल्ला द्यायचा की जंगल ओळखायचं की पुराचा इशारा द्यायचा, यावर ते ठरतं.

हवामान खात्याच्या एका व्याख्येत एक गंमत दडली आहे. उपविभागात पाऊस सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत असला तर त्याला 'सामान्य' म्हणतात. कोकणात २८७० चे १९ टक्के म्हणजे ५४५. म्हणजे २३२५ पासून ३४१५ पर्यंत सगळं सामान्य. दोन टोकांत १०९० मिलिमीटरचं अंतर. मराठवाड्याचा चार महिन्यांचा सगळा पाऊस ६४०. कोकणाच्या 'सामान्य' या एका शब्दात मराठवाड्याचा अख्खा पावसाळा मावून वर साडेचारशे मिलिमीटर उरतात. टक्केवारी हे दोन प्रदेश एका पातळीवर आणते, ते सोयीचंही आहे आणि धोक्याचंही. वीस टक्के तूट कोकणातल्या भाताला बहुधा झेपते. मराठवाड्यातल्या सोयाबीनला तीच तूट कुठल्या पंधरवड्यात आली यावर सगळं अवलंबून.

सरासरीभोवतीचा हा विस्कोट मोजायला प्रमाण विचलनाची गरज नाही, आठवीच्या मुलाला जमेल असा मार्ग आहे. दोन काल्पनिक गावं घ्या. पहिल्यात पाच वर्षांचा पाऊस २८००, ३१००, ३०००, ३३००, २८००, सरासरी ३०००. दुसऱ्यात ३००, ७००, ४५०, ८५०, २००, सरासरी ५००. प्रत्येक वर्ष सरासरीपासून किती दूर हे चिन्ह सोडून मोजायचं. पहिल्या गावात २००, १००, ०, ३००, २००. सरासरी विचलन १६०. दुसऱ्यात २००, २००, ५०, ३५०, ३००. सरासरी विचलन २२०. आकडे फार लांब नाहीत. पण त्यांना आपापल्या सरासरीने भागा: पहिल्या गावात पाच टक्के, दुसऱ्यात ४४. पहिल्या गावचा शेतकरी मृगावर विसंबून तरवा पेरतो, दुसऱ्या गावचा पेरणी करताना जुगार खेळत असतो. अवर्षणप्रवण हा शब्द सरकारी कागदात कोरडा वाटतो. त्यामागे मुख्यतः हा ४४ आहे, ५०० नव्हे. पाऊस कमी असला आणि भरवशाचा असला तर माणूस त्याला साजेसं पीक शोधतो. पुस्तकांत सरासरीचे नकाशे पानभर असतात आणि भरवशाचा नकाशा कोपऱ्यात, हे मला उलटं वाटतं.

आधी रेघ ठरवून मग गावं तिच्या अलीकडे-पलीकडे टाकायची, ही केपनची वर्गवारी वापरायची रीत. उलटी रीतही आहे: आकड्यांनाच आपापले सोबती शोधू द्यायचे. पुण्यात वाढलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनचा अभ्यास केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर १९८३ मध्ये भारताच्या हवामानाचे असे सांख्यिकी गट पाडून दाखवले. पुढे १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुठल्या भागांतला पाऊस एकत्र वाढतो आणि एकत्र घटतो, यावरून देशाचे सुसंगत पर्जन्यविभाग आखले. त्याच्याही आधी, १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि दोन ठिकाणच्या आकड्यांचा सहसंबंध काढायचं काम त्यांनी कारकुनांच्या फौजेकडून हाताने करून घेतलं. प्रशांत महासागराच्या दोन बाजूंना हवेचा दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो, हे त्या बेरजा-गुणाकारांतून बाहेर आलं.

हे शाळेत करायला फौज लागत नाही. मालवण, कसाल आणि घाटातल्या आंबोली इथल्या तीन शाळांनी जून ते सप्टेंबर रोज साडेआठची नोंद एकमेकांना कळवायची. हंगाम संपला की प्रत्येक शाळेचा मध्यक काढायचा आणि वहीत चार खाने आखायचे: दोन्हीकडे मध्यकाच्या वर, दोन्हीकडे खाली, आणि एकीकडे वर एकीकडे खाली असे दोन. प्रत्येक दिवशी योग्य खान्यात एक रेघ मारायची. दोन गावांच्या पावसाचा एकमेकांशी संबंधच नसेल तर चारही खान्यांत साधारण सारख्या रेघा पडतील. पहिल्या दोन खान्यांत गर्दी झाली तर दोन्ही गावं एका पावसाची. मालवण-कसाल जोडी जास्त गर्दी करते की कसाल-आंबोली, म्हणजे कसाल समुद्राच्या बाजूचं की घाटाच्या, हे त्या रेघा मोजून ठरवायचं. एका हंगामावरून ठाम काही म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षीच्या वर्गाने वही पुढे चालवायची. जतच्या एखाद्या शाळेने आकडे पाठवले तर तेही याच तक्त्यात बसतात. फक्त तिथे पावसाळ्यातही कोरडे दिवस निम्म्याहून अधिक, म्हणून जून ते सप्टेंबरचा मध्यक शून्याशीच थांबेल, आणि 'मध्यकाच्या वर' ऐवजी 'अडीच मिलिमीटर किंवा जास्त' अशी वाटणी चारही शाळांना करून घ्यावी लागेल.